काठ

अक्कलकोट रोड एमआयडीसी, दुपारचे तीन,
पत्र्याखाली चव्वेचाळीस अंश,
आणि बारा मागांवरून उतरलेत
चारशे टॉवेल, बिनकाठाचे.

कुठे धागा तुटलेला नाही,
पडद्यावर लाल अक्षरात तक्रार नाही.
फाइल उघडली, वाचली गेली, मागाला मिळाली,
मागानं निमूट विणलं.
सांगकाम्याच तो.

चूक एका ओळीची. माझी.
मंगळवारी ‘कापड’ या मूळ क्लासमध्ये
मी एक रकाना वाढवला: काठ.
चादरींसाठी हवा होता.
टॉवेलकडे त्याचा स्वतःचा काठ आधीच होता,
चिलवेरी सरांनी दिलेला, पुण्याला जाण्याआधी,
कुठल्याच कागदावर न लिहिता.

जतन करताना दोघांचे काठ
एकाच नावाखाली गेले.
परत वाचताना आधी लेकाचा भरला,
मग त्यावर बापाचा,
आणि बापाचा रिकामा होता.

चन्नवीरशेठ म्हणाले, “असं कसं बे,
मागच्या महिन्यात तर नीट निघत होतं!”
काय सांगू.
मागच्या महिन्यात बाप गप्प होता.

घरी नायनांना सांगितलं.
तीस वर्षं जकार्डचे पुठ्ठे टोचलेत त्यांनी,
बोटांना अजून भोकांचा हिशेब पाठ.
भाकरी मोडता मोडता तेलुगूत म्हणाले,
“कोरा पुठ्ठा म्हणजे काहीच नाही, असं तुला वाटतं.
मागाला तोही हुकूमच असतो.”

मला आमचं आडनाव आठवलं:
आधारवर येमूल, बँकेत यमुल,
रेशन कार्डावर नुसतीच रेघ.

रात्री ‘टॉवेल म्हणजे कापड’ ही ओळ खोडली,
लिहिलं, ‘टॉवेलपाशी कापड आहे’.
नातं तोडलं नाही,
जरा लांब बसवलं.
जुन्या एकोणीसशे फाइली मात्र
अजून बापाचंच नाव लावून येतात.
त्यांच्यासाठी एक दुभाषा लिहायला घेतलाय,
तो रोज नव्या ठिकाणी अडखळतो.

चारशे टॉवेल शेठनी
चाटी गल्लीत किलोवर घातले.
एक आमच्या मोरीपाशी लटकतोय.
नायना तोंड पुसतात
आणि मग उगाच
अंगठा फिरवत राहतात कडेकडेनं.