मुक्काम, कक्ष क्रमांक ३१७

गस्तीचे तीन दिवस, दोन रात्री.
माझी पाठपिशवी नवी, अमरावतीहून आणलेली,
अकरा चेनींची.
नाक्याच्या ओट्यावर बसून दुकालू कुमरे तिच्याकडे बघत होता
बाजारात दात मोजण्याआधी बैलाकडे बघतात तसा.

"उघडा, मॅडम."

घडीचं फावडं परत. गॅसची शेगडी परत.
होकायंत्र त्यानं कानाशी धरलं, हलवून पाहिलं,
परत.
टॉर्च राहू दिला, "पण साप पाहाले. वाट पाहाले नाई."
माझा चाकू अंगठ्याच्या नखावर ओढला,
काही बोलला नाही,
कमरेचा विळा काढून माझ्या हाती दिला:
मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी,
धार अशी की नुसतं बघून बोट मागे येतं.

राहिलं ते एवढं.
कुऱ्हाड, दांडा धामणीचा,
सागाचा झटका सोसत नाही म्हणून.
जर्मनचा गंज, त्यातच तांदूळ, त्यातच मिठाची पुडी.
पळसाच्या मुळांचा दोर.
ताडपत्री.
माचिस दोन, एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे:
"दोघंबी एकाच डोहात पडू, असं थोडीच हाय."

दुपार कलली तशी मी जागा दाखवू लागले.
नाल्याची वाळू, मऊ, सपाट, अंथरल्यासारखी.
"वर कुठं ढग पडला ते नाल्याले माहीत, आपल्याले नाई."
पाणवठ्याकाठचं गवत.
"कोणाच्या तरी जेवणाच्या वाटेवर झोपता काय?"
मोहाची सावली, खाली फुलांचा सडा.
तो नुसता हसला. अस्वलाचं नाव त्यानं घेतलं नाही.
बेहड्याखाली मी पिशवी टेकवलीच होती,
त्यानं बोट वर केलं:
आग्या मोहोळ, काळं, लोंबतं,
श्वास घेत असल्यासारखं.

मग एकाएकी त्याची चाल बदलली.
सकाळपासून पाऊल तपासून टाकणारा माणूस
खाली न बघता चालू लागला.
करवंदीच्या जाळीला वळसा, एक शेवगा
(जंगलात शेवगा कसा, हे मला नंतर सुचलं)
आणि थांबला.

"इथं."

इथंच का? माझी वही उघडी होती, मुद्दे हवे होते.
तो सांगत गेला.
मावळतीचा वारा टेकडी अडवते.
पाणी दीडशे पावलं, ना जवळ ना दूर.
जमीन ठणक, वारूळ नाई.
पाऊस आलाच तर पाणी तिकडून जाते,
उतार काढलेला हाय.

काढलेला.
तो शब्द मी तसाच उतरवून घेतला
आणि मग मान वर केली. तो लाकडं गोळा करायला गेला होता.

ताडपत्री पसरताना हाताला दगड लागला,
मधोमध वाटीएवढा खळगा,
पाचोळ्यानं भरलेला, आतून गुळगुळीत.
चुलीला तीन दगड शोधायला निघाले
तर ते कोपऱ्यात होतेच,
अर्धे रुतलेले, पोटाकडून काळे.
दुकालूनं त्यातला एक जरासा फिरवला,
पुन्हा होता तसा बसवला,
आणि गंज चढवला.

भात शिजेपर्यंत मी टॉर्चच्या उजेडात तक्ता भरला.
मुक्कामाचं ठिकाण: कक्ष क्रमांक ३१७.
निवडीचं कारण: आडोसा, पाणी, कोरडी जमीन.
रकाना तेवढाच होता.
"लिहिलं?"
"लिहिलं."
"बरं."

रात्री पलीकडे मोहाखाली
कोणीतरी नाकानं जमीन झाडत होतं, सावकाश,
घाई नसल्यासारखं.
मी विळा उशाशी ओढला.
निखाऱ्यांच्या पल्याड तो जागाच होता.

"डोकं इकडं घ्या, मॅडम," म्हणाला,
"तिकडून पहाटे गाई निघतेत."