हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात सातेरीमामांना
बेळगावला नेऊन जिवंत ठरवून आणायचं,
हे काम माझ्याकडे.

बेळगुंदीहून साडेनवाची बस.
पाटी कन्नडात. मामा पाटी बघत नाहीत,
ड्रायव्हरचा चेहरा ओळखून चढतात.
पिशवीत पेन्शनचं पुस्तक, आधार कार्ड,
आणि कुंद्याचा रिकामा डबा,
त्यात कापसावर सेना मेडल.
बँकेनं ते कधी मागितलं नाही.
तरी घ्यायचं.

बसमध्ये कुणीतरी विचारतंच,
"मराठा रेजिमेंट काय?"
मामांना ऐकू येत नाही,
पण ओठांवरचा हा प्रश्न पाठ झालाय.
"न्हाई गा. तोपखाना."
विचारणारा थोडा हिरमुसतो.
समोरासमोरची गोष्ट हवी असते त्याला,
आणि तोफेवरच्या माणसाला
फक्त आकडे दिसतात.

उजवा कान एकाहत्तरच्या डिसेंबरात गेला,
शकरगडच्या बाजूला, उसाच्या फडाकडेला.
"ऊस आपल्यासारखाच. पेरं जरा लांब."
युद्धाबद्दल एवढंच सांगायचे, कितीतरी वर्षं.
डावा कान मागाहून, सावकाश.
तोफ सुटताना तोंड उघडं ठेवायचं,
म्हणजे पडदा फाटत नाही, असं शिकवलेलं.
अजून लक्ष्मीच्या जत्रेत
उखळीला बत्ती लागलेली दिसली
की मामा आ करतात,
आणि गल्लीतली पोरं
त्यांच्यासारखा आ करून हसतात.

मानपत्र इंग्रजीत आहे.
एकदा मी त्याचं मराठी करून
डाव्या कानाशी ओरडून सांगितलं:
तोफेवरचे तिघे पडले असता
अविचल धैर्यानं एकट्यानं...
"तंगराजचं नाव हाय?"
नव्हतं.
"मग काय लिवलंय त्यात?"
मग स्वतःच बोलू लागले.

शेल आत, आणि सुटेना. मिसफायर.
अशा वेळी ब्रीच लगेच उघडायची नसते,
आतलं कधी पेटेल नेम नाही. थांबायचं.
वरून त्यांचे गोळे यायला लागलेले,
पायाशी तंगराज पाणी मागत होता,
त्याच्या भाषेत, पण पाणी कळतं की.
"आन मी हँडलवर हात ठिवून
साठ मोजूलतो. मराठीत.
चाळीसनंतर त्यो मागायचा थांबला."

साठ झाल्यावर उघडली.
काडतूस बदललं.
मग उजाडेपर्यंत मारत राहिले.

यंदा काउंटरवर नवी मुलगी, गदगची.
फॉर्म तीन प्रतींत.
मामांचा हात टेबलावर.
पहिला शिक्का धाडकन पडला,
लाकडातून कोपरापर्यंत पोचला असणार,
मामांनी तोंड उघडलं.
दुसरा. पुन्हा उघडलं.
तिसरा उमटलाच नाही. शाई संपलेली.
तिनं शिक्का उलटा करून बघायला उचलला,
तोच मामांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.
"थांब, बाळा. लगेच उघडायचं न्हाई."

मागे रांग. कुणी कन्नडात, कुणी मराठीत
काय झालं म्हणून विचारू लागलं.
मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.
मामांचे ओठ हलत होते.
तिला काही कळलं नसावं,
पण तिनं हात ओढून घेतला नाही.
एकोणचाळीस. चाळीस.
इथं ते जरा अडखळले.
मग पुढं.