दिवा काढला होता

पहाटे सव्वापाचला झिपरूआप्पांचा फोन:
ट्रॅक्टर बसलाय, बागेतच, घडांनी भरलेल्या ट्रॉलीसकट,
आणि अडावद फाट्यावरचा ट्रक आठच्या पुढे थांबणार नाही.

मी निघालो. मागे ट्यूबने आवळलेली माझी बॅटरी.
जानेवारीत सातपुड्यावरून जे खाली उतरतं
त्याला नुसती थंडी म्हणून भागत नाही,
मफलरचं टोक दातांत धरून गाडी चालवावी लागते.

'बॅटरी नवी शे,' आप्पा बांधावरूनच म्हणाले,
'आठ दिन बी नही व्हयनात.'
मीटरच्या सुया टेकवल्या. अकरा पॉइंट सहा.
नवं असलं तरी उपाशी.

बेल्ट दाबून पाहिला अंगठ्याने: अर्धा इंच, ठीक.
टर्मिनलवरचं हिरवट पीठ
आप्पांच्या सुनेने आणलेल्या गरम पाण्याने धुतलं,
उरलेल्या पाण्याचा तिने चहा टाकला.
वायरी ओढल्या, घासल्या, पुन्हा आवळल्या.
मग माझी बॅटरी जोडून ट्रॅक्टर उठवला,
तो उठला, केळीची पानं थरथरली,
आणि मीटर बारा पॉइंट तीनवर बसून राहिला
हलायचं नाव नाही.

म्हणजे डायनॅमो.
(आम्ही अजून डायनॅमोच म्हणतो.
अल्टरनेटर म्हटलं की गिऱ्हाइकाला आधी बिल दिसतं.)
बंद करून, नुसती चावी देऊन
पेचकसाचं टोक त्याच्या पाठीला लावलं.
ओढ असायला हवी होती. पेचकस सरळ खाली पडला,
ओल्या मातीत, मुठीपर्यंत.

ब्रश काढले. चांगले होते, पोटभर लांब.
मीच बसवले होते.

उस्ताद सुभान तडवी मारायचे नाहीत,
फक्त एक वाक्य दर वेळी तेवढ्याच आवाजात सांगायचे:
'पहिले दिवा बघ, मग मीटर.'
मी आज दिवा बघितला नव्हता.
डॅशबोर्डकडे वाकलो. चावी चालू.
तेलाचा दिवा लागलेला. त्याच्या शेजारी
बॅटरीच्या चित्रामागे अंधार.

'तो? तो दिवा तं तूच काढेल व्हता,' आप्पा म्हणाले,
'दोन वरीस पहिले.'

हो.
कापूस वेचणीचे दिवस, दुकानापुढे सात गाड्या,
आणि याचा तो दिवा चालू इंजिनातही मिणमिणत राहायचा.
आप्पांना रात्री ते लाल डोळ्यासारखं वाटे.
मीटर ठीक होता. मी बल्ब उपटला, खिशात टाकला,
म्हणालो, दिवा गेला, दुखणं गेलं.
पन्नास रुपये घेतले.

त्याच दिव्यातून थोडा करंट डायनॅमोत जातो
आणि त्याला जागं करतो, हे मला ठाऊक होतं.
ठाऊक नसतं तर बरं झालं असतं.
दोन वर्षं तो लोखंडात उरलेल्या जराशा चुंबकावर
नांगरटीच्या फुल रेसमध्ये आपोआप उठत राहिला.
या हंगामात केळी. ट्रॉली, चिखल, पहिला गिअर,
हळूहळू, घडाला डाग पडू नये म्हणून.
तेवढ्या रेसवर तो झोपूनच राहिला.

माझ्या डब्यात तसलाच बल्ब होता.
बसवला. चावी दिली. लाल.
इंजिन घेतलं, लाल विझला,
मीटर चढला: तेरा, तेरा आठ, चौदा पॉइंट एक.

'जुनी बॅटरी कुठे आहे?' मी विचारलं.
'भंगारमां दिधी. सातशे रुपयात.'
ती चांगली होती हे मी बोललो.
कोणामुळे गेली हेही बोललो,
इंजिनाच्या आवाजात, पण बोललो.
आप्पांनी ऐकलं असावं. ते बराच वेळ
विझलेल्या दिव्याच्या जागेकडे पाहत होते.

मजुरी घेतली नाही. चहा घेतला.
भिवसनने ट्रॉली हलवली, पहिल्याच गिअरमध्ये,
सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती
आणि माझा पेचकस अजून मातीतच होता.