चौकटींचा कागद

कुलाब्याच्या नेव्ही इस्पितळात
डॉक्टरीणबाईंनी आबांपुढे धरला चौकटींचा कागद.
"मधल्या ठिपक्याकडे बघा. रेघा सरळ दिसतात?"
आबा म्हणाले, "ठिपका कुठाय?
आणि समुद्र चार नंबरचा आहे, मॅडम,
वारा नैर्ऋत्येचा."

तेवीस वर्षं सिग्नलमन.
डेकवर तापलेला पत्रा, खाली पाण्याचा आरसा,
गॉगल साहेबलोकांना.
कॅन्टीनची सिगारेट, स्वस्त:
वॉचला दोन, वॉच सुटला की तिसरी.
बाई लिहीत गेल्या.
मग पेन थांबलं.
"घरात आणखी कुणाला?"

आबांचे वडील बोटीवर कधी चढलेच नाहीत.
आचऱ्याच्या पोस्टात टपाल लावायचे
सावलीत बसून, विडीसुद्धा नाही.
साठीनंतर पत्ता वाचताना मान तिरकी करायचे.
गाव म्हणायचं, मास्तर शिष्ट झाले.

"थोडं रक्तातलं, थोडं उन्हातलं," बाई म्हणाल्या,
"किती कशाचं, ते नाही सांगता येत."
पेन्शनच्या फॉर्मवर मात्र चौकोन दोनच:
आजार नोकरीमुळे, होय
किंवा नाही.

परतताना बंदराच्या कठड्याशी आबा थांबले.
माझं तोंड बघायला
नजर माझ्या कानापलीकडे नेली,
दूरच्या बोटीवर ठेवावी तशी.
"हं. आता दिसतेस."

रात्री ताडदेवच्या खोलीत
एक डोळा झाकून
मी मोरीच्या टाइल्स बघितल्या.
मग दुसरा झाकून.
सरळ आहेत.
तिसऱ्या ओळीशी जराशी...
नाही, तिथलं सिमेंट निघालंय.

हात लावून बघितलं.