झीरोचा बल्ब

लकडगंजात लोकांना वाटतं गंज पावसाळ्यात येतो.
येतो, पण सांगून येतो.
आभाळ भरायच्या आतच मी पटाश्यांवरून तेलाचा हात फिरवते,
करवतीच्या दातांना मेण चोळते,
रंध्याची पाती काढून कपाटात ठेवते,
कापराच्या वड्यांशेजारी.
मग आषाढ काय, श्रावण काय,
दाराबाहेर बसून राहतात.

खरा गंज मे महिन्यातला.
सेहेचाळीस डिग्री. डांबर चपलेला चिकटतं,
आरामशीनवाला दुपारी शटर ओढून घेतो
आणि मी कूलर लावते.
वाळ्यातून गाळलेला ओला वारा
माणसांना बरा वाटतो.
लोखंडाला वाटतं, समुद्र आला.
ज्या गावानं समुद्र कधी पाहिला नाही
त्या गावात, एका रात्रीत,
रंध्याच्या तळावर केशरी लव.
(संत्र्यांचा विनोद कृपा करून कुणी करू नका.)

बाबा म्हणाले असते, कूलर काहून लावला बाप्पा,
घाम येऊ दे.
त्यांचं बरं होतं. त्यांचा हात गोडा होता.
चाळीस वर्षं तोच रंधा, एक डाग नाही.
काही हात गोडे असतात, काही खारट,
हे सोनारालाही ठाऊक नसेल, सुताराला असतं.
माझा मधलाच.
गिऱ्हाईक अजून विचारतं, मिस्त्री कुठे आहेत?
मी हातातली पटाशी खाली ठेवत नाही.

शेजारचे जवसाचं तेल सुचवतात.
लाकडाला अमृत ते. लोखंडावर मात्र वाळतं,
गोंदासारखं धरतं, पाती जागची हलत नाही.
मला शिलाई मशीनचं तेल पुरतं, दोन थेंब.
ओल्या सागाचा भुसा हत्यारावर रात्रभर राहू द्यायचा नाही.
कूलरचं तोंड भिंतीकडे.
आणि कपाटात झीरोचा बल्ब,
दिवसरात्र पेटता,
तेवढ्या उबेनं आतली हवा कोरडी राहते.

यंदा मोरेश्वर आला, भिवापूरचा, सतरा वर्षांचा.
मिरच्या तोडून आलेले हात.
त्याला मी झाडू दिला, सरस ढवळायला दिला,
हत्याराला हात लावायचा नाही म्हटलं.
झोपायचा कारखान्यातच, फळ्यांच्या थप्पीवर.

अक्षय्य तृतीयेनंतरची एक सकाळ.
कपाट उघडलं. बल्ब चालू. कापूर जागेवर.
मोठ्या रंध्याच्या कुशीवर
चार बोटं आणि एक अंगठा,
रेषा न् रेषा दिसावी असे उमटलेले, गंजाचे.
पंजा माझा नव्हता.

पोट्टा दारात उभा. झाडू हातात. मान खाली.
मी थप्पीमागे वाकून पाहिलं.
सालपटं होती, पोत्यात कोंबलेली.
एक ओढून काढलं:
हातभर लांब, कुठेही न तुटलेलं,
उजेडात धरलं तर पलीकडची खिडकी दिसावी इतकं पातळ.
माझं एवढं पातळ यायला
तीन वर्षं लागली होती.

"कुठल्या उजेडात केलं?"
त्यानं कपाटाकडे पाहिलं.

मी काही बोलले नाही.
बारीक पॉलिश पेपर, तेलाची चिंधी त्याच्या हातात दिली.
आपली बोटं आपणच पुसायची, म्हटलं,
रोज, काम झाल्याझाल्या, विसरायचं नाही.
तो तासभर घासत बसला.
अंगठा गेला. चार बोटांतलं एक
अजून थोडं दिसतं.

संध्याकाळी मस्कासाथच्या दुकानातून
साठचा बल्ब आणला, झीरो काढून तो लावला.
त्यानं वर पाहिलं.
कपाटात ओल फार झाली आहे, मी म्हटलं,
आणि कुलूप न लावता घरी गेले.