एक इंच चिकटपट्टी

मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात एकतीस वर्षं
मी एकच बोलत आलो:
श्वास घ्या. रोखा. हलू नका. सोडा.
म्हणून असेल,
त्या गाण्यात मला आधी बाईचा आवाज नाही,
तिनं रोखलेला श्वास ऐकू आला.

तिसऱ्या कडव्यानंतर, ‘ये’ म्हणायच्या आधी
अर्धी मात्रा सगळं बंद. ऑर्गन, ड्रम, बाई.
मग ‘ये’.
इंग्रजीत म्हणते ती, पण ये म्हणजे येच.

तबकडी नर्स डोरोथीची. ती गेली तिच्या देशाला, तबकडीही गेली.
मागे राहिली मी भरून घेतलेली कॅसेट
आणि हे एकाच गाण्याचं वेड.

वही केली, लाल पुठ्ठ्याची.
कोण, कुठलं, किती मिनिटं, गुण.
आणि कडेला एक अरुंद रकाना: थांबा.

लंडनची बाई. पंचवीस व्हायोलिनं, बासुंदीत वर गूळ.
थांबा नाही. चार गुण.
जमैकाचे चौघे, डुलत डुलत
आपल्याच दारावरून पुढं गेलेल्या टांग्यासारखे.
थांबा नाही.
जपानी पोरगा, नुसती गिटार. शब्द चावतो, पण मनापासून.
साडेपाच दिले. थांबा त्यालाही नाही.
पुण्याहून, मुंबईहून,
एक तर बेळगावच्या रद्दीवाल्याकडून,
असे एकेचाळीस आवाज जमले
आणि एकालाही थांबता येईना.

आणि आमचे बघा.
गुलाब वायदंडे, बँडमास्तर.
कॅसेट नेली, आठव्या दिवशी क्लॅरिनेटवर आणून दिली,
त्या जागी अख्खा ताफा गप्प. नऊ गुण.
विजयमालाबाईंनी मराठी शब्द घालून चर्चमध्ये बसवलं,
प्रभूलाच ये म्हणतात, पण आधी थांबतात.
पेटी उतरलेली होती म्हणून आठ.
दस्तगीरभाई नव्या सतारीची जवारी बघायला हीच ओळ छेडतात.
गिऱ्हाईक विचारतं, कुठला राग?
म्हणतात, एक्स-रे.
आणि तारेवर बोट ठेवून थांबतात.

गावाला कान आहे, मी सांगत फिरायचो.
पाण्यातच आहे.

परवा एस्तेरनं, भावाच्या नातीनं,
फोनवर मूळ गाणं लावलं. खरखर काढलेलं, लख्ख.
तीच बाई. तोच ऑर्गन.
तिसरं कडवं संपलं, मी सवयीनं श्वास रोखला,
‘ये’ तोवर येऊन गेलं होतं.

आजोबा, काय झालं?
परत लाव.
परत लाव.

रात्री कॅसेटचे पाच स्क्रू काढले.
पेन्सिलीनं फीत ओढत गेलो
आणि तिथं, बरोबर तिथं,
एक इंच, पिवळी पडलेली, हॉस्पिटलची चिकटपट्टी.
काप तिरका. म्हणजे माझाच हात,
डावखुऱ्याचा.
कधी नाईट ड्यूटीत फीत तुटली असणार,
सांधली असणार. साफ विसरलो.

वहीत बेचाळिसावी नोंद केली:
मूळ गायिका. थांबा नाही.
गुणांच्या रकान्यात पेन टेकवून बसलो,
शाई पसरत गेली.
एकेचाळीस जणांची माफी मागावी
तर पत्ते कुणाचेच नाहीत.

रविवारी बुधगावात वरात होती.
क्लॅरिनेट आता गुलाबच्या नातवाकडे.
त्यानं ते गाणं काढलं. पोरं नाचायला लागली,
मामा लोक, टोपी सावरत एक म्हातारा,
जनरेटरची गाडी ढकलणारा सुद्धा.
सांगावं का ह्याला? म्हणून पुढं सरकलो,
तेवढ्यात तिसरं कडवं संपलं.

बँड थांबला.
सगळ्या रस्त्यानं एकेक पाय उचललेला,
हवेत.
कुणी हललं नाही.

मी मनात म्हणालो, सोडा.