सा तेवढा ठेव

साठ सालची थंडीतली सकाळ.
कलेक्टर कचेरीच्या दाराला शिडी,
शिडीवर दस्तगीर नदाफ,
खाली मी, दोन्ही हातांत रंगाचे डबे,
आणि हेडक्लार्क टिकेकरांच्या हातात कागद:
आजपासून जिल्ह्याचं नाव सांगली.

काल रात्री निजलो तेव्हा आम्ही दक्षिण सातारा होतो.
झोपलेल्या पोराला उचलून
कुणी दुसऱ्या अंथरुणावर ठेवावं,
तसं झालं होतं.
समोरचा पानवाला विचारत होता,
साताऱ्याची बहीण आता परगावची झाली का.

चाचांना नाव पुसायच्या आधी
त्याचं मूळ हातात लागायचं.
'सातारा म्हणजे काय, सांगा साहेब.'
सात डोंगर, टिकेकर म्हणाले.
धोंडिबा ऐवळे शिपाई म्हणाला, सतरा.
कशाचे सतरा ते त्याला आठवेना.
'सात का सतरा ते आधी ठरवा,
एवढ्या फरकात माझ्या दुकानाचं भाडं निघतं.
ए सातगोंडा, तुझ्या तर नावातच सात हाय, तू सांग.'
म्हटलं, आजोबा सातगोंडा होते, म्हणून मी सातगोंडा.
'बघा,' चाचा शिडीवरून म्हणाले,
'एकाला तरी ठावं हाय, आपलं नाव कुठनं आलं.'

आणि सांगली?
सहा गल्ल्या, टिकेकर. मूळ वस्ती सहा गल्ल्यांची.
चाचा उतरले, सायकल काढली,
ब्रश कानामागे ठेवून तसेच मोजायला गेले.
गावभाग, खणभाग, गणपती पेठ,
मग हळदीच्या पोत्यांमधून कुठं कुठं.
तासाभरानं आले ते बाह्यांपर्यंत पिवळे:
'अकरा झाल्या.
दोन मध्येच संपतात.
एकीत शिरलं की सायकल वळत नाही,
ती अर्धी धरा.'

संगमावरनं असंल, ऐवळे म्हणाला,
हरिपुरात वारणा येऊन कृष्णेत पडते की.
'नदी पडली तिकडं, नाव पडलं इकडं?'

जेवणाचा डबा घेऊन हाजराचाची आली होती.
फडक्याची गाठ सोडता सोडता म्हणाली,
एवढं काय त्यात.
कुणीतरी कुणाला गोष्ट सांगली असंल.
सांगली, म्हणून सांगली.

त्यावर कुणी काही बोललं नाही.
टिकेकरांनी कागदाची घडी घातली, परत उघडली.

भाकरी झाल्यावर चाचांनी निळा रंग ढवळला.
'दक्षिण'वर पहिला हात.
क्षच्या गाठीत ब्रश अडकला, दोनदा द्यावा लागला.
मग दुसऱ्या टोकाकडून
'रा', 'ता',
आणि साजवळ हात थांबला.
'सा तेवढा ठेव,' ते स्वतःलाच म्हणाले,
'दोघींचा हाय.'

त्याच्या डोक्यावर एक पांढरं टिंब,
लिंबाएवढं.
पुढं 'गली'.
सहातली एकच.

टिकेकर मागं मागं सरकत रस्त्यात गेले, तिथून ओरडले,
अहो, नाव मधोमध नाही!
डावीकडं अर्धी पाटी निळी, रिकामी.
चाचा रॉकेलमध्ये ब्रश बुचकळत होते.
'ती दक्षिणेची जागा. बसू द्या तिला थोडे दिवस.'

बिल मंजूर झालं त्यात लिहिलं होतं:
अक्षरे दोन, टिंब एक.
सा जुनाच असल्याने त्याचे पैसे नाहीत.

चार उन्हाळ्यांत निळ्याला पापुद्रे आले.
सगळ्यात आधी क्ष वर आला, मग दचा काना नसलेला वाकडा पाय.
पेशीला आलेले लोक 'क्ष सांगली' वाचत
आणि बरोबर जागी आलो का, असं एकमेकांना विचारत.
चाचांना पुन्हा बोलावलं,
तोवर ते मिरजेला मुलाकडं गेले होते.

आता स्टँडवर गाड्यांच्या कपाळावर
उजेडाची अक्षरं सरकत येतात.
चष्मा बहुतेक घरी राहिलेला असतो.
लांबून सा दिसतो,
मी हात करतो.
गाडी इथली का तिथली,
हे पहिल्या अक्षरावरून
मला अजून कळत नाही.